बसमधून न उतरलेली माणसं

मे महिना लागला की मस्कतच्या रुवी भागात एक वारा सुटतो. वाळवंटावरून येतो, पश्चिमेकडून. बाल्कनीचं दार उघडलं की कुणीतरी पेटत्या भट्टीचं झाकण काढून आपल्या तोंडासमोर धरलंय असं वाटतं. दोरीवरचे कपडे वाळून पापडासारखे कडक होतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाचाही चटका बसतो, म्हणून आम्ही उन्हाळाभर गिझर बंद ठेवतो आणि त्याच्या पोटात साठलेलं पाणी गार म्हणून अंगावर घेतो. ओमानी शेजारीण म्हणते, हा वारा यायलाच हवा, ह्याच्याशिवाय खजूर पिकत नाही. पिकत असेल. मला मात्र दरवर्षी ह्या वाऱ्याचा राग येतो, आणि वाऱ्यावर रागावून काही उपयोग नसतो म्हणून मग मी माणसांवर रागावते. त्यासाठी माणसं भरपूर आहेत.

यंदाही तो परवा सुटला. संध्याकाळी घरी पैसे पाठवायच्या एक्सचेंजच्या दुकानांपुढे रांगा होत्या, टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते, एका बिल्डिंगच्या एसीतून ठिबकणारं पाणी चुकवत मी भाजी घेऊन येत होते. तेवढ्यात रुसैलच्या कारखान्यांकडून आलेली एक कंपनीची बस सिग्नलला थांबली. खिडक्यांना पडद्याऐवजी लुंग्या लावलेल्या, आत माना टाकून झोपलेली माणसं. मी पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिले. सिग्नल सुटला, बस गेली, आणि माझ्या डोक्यात दुसरी बस येऊन थांबली. ती नव्वदच्या दशकाच्या अखेरची. त्या बसमधून माणसं उतरली नव्हती.

उन्हाळा मला कुणी शिकवू नये. मी नागपूरची. पण नागपूरच्या उन्हाळ्याला अक्कल आहे. दुपारी दारं-खिडक्या लावून घ्यायची, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं, माठ खिडकीत ठेवायचा, आणि ऊन उतरेपर्यंत कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. रिक्षावालासुद्धा रिक्षात पाय वर घेऊन झोपतो. त्याला उठवणाऱ्याकडे लोक वेडा म्हणून बघतात. मी टेक्स्टाइल इंजिनियर झाले, लग्न झालं, नवऱ्याला मस्कतमध्ये नोकरी लागली आणि मागोमाग मलाही रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचं काम मिळालं. तिथं मला कळलं की उन्हाळा म्हणजे ऑर्डरचा मोसम. परदेशातल्या दुकानांना हिवाळ्याचा माल ऑगस्टच्या आत बोटीवर चढलेला हवा असतो. बाहेर उघडे डोंगर तापून तपकिरीचे काळे होत होते, आणि आत आम्ही लोकरी अस्तराची जॅकेटं शिवत होतो. एखादं जॅकेट तपासायला मांडीवर घेतलं तरी जीव नकोसा व्हायचा. प्रेसिंगवाले तर ती दिवसभर वाफेच्या इस्त्रीखाली घालत होते.

प्रेसिंगचा हॉल अगदी शेवटी, बॉयलरला लागून. तिथले मुख्य कासमभाई. रत्नागिरीच्या पुढे खाडीकाठचं त्यांचं गाव. उंच, सडसडीत, दाढी नीट कातरलेली, आणि स्वतःचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा की त्यांच्याशेजारी जनरल मॅनेजर चुरगळलेले दिसायचे. मी मराठी बोलते हे कळल्यापासून ते मला 'बाय' म्हणायला लागले. बाकी सगळ्यांना मी 'मेश्राम मॅडम'. त्यांच्या तोंडची ती बोली ऐकायला मी उगाचच एखादी फेरी प्रेसिंगकडे मारायची. "काय बाय, आज नागपुरात ऊन किती?" असं ते विचारायचे, जसं काही मी सकाळी तिकडूनच आले होते.

त्या उन्हाळ्यात प्रेसिंगच्या छतावरचे कूलर बंद पडले. आधी एक पडला, मग दुसरा. कासमभाई देखभाल विभागाला सांगून आले. देखभालवाला म्हणाला, "पार्ट मागवलाय, इन्शाल्ला येईल." मी विचारलं, मलाही इन्शाल्ला मिळालं. ह्या शब्दाविषयी माझी काही तक्रार नाही, फार सुंदर शब्द आहे, पण कूलरचा पंप आणण्याची जबाबदारी परमेश्वरावर टाकणारा माणूस स्वतःच्या केबिनचा एसी बिघडला की त्याच दिवशी मेकॅनिक बोलावतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हॉलमधलं पिण्याचं पाणी पत्र्याच्या शेडवरच्या टाकीतून यायचं. कासमभाईंनी एकदा मला पेला भरून दिला. "बाय, तुमी एकदा हा पानी पिवून बगा." मी घोट घेतला. चहा करायला वेगळं आधण ठेवायची गरज नव्हती.

मी जनरल मॅनेजरांकडे गेले. कर्णिकसाहेब पुण्याचे. त्यांचं मराठी ऐकावं असं, गणपतीत आरती त्यांनी म्हणावी, पुरणपोळी त्यांच्या घरी खावी. त्यांनी मला बसवलं, गार ताक मागवलं आणि म्हणाले, "मॅडम, मला काय कळत नाही का? पण ही शिपमेंट जाऊ द्या. आपण सगळे एक कुटुंब आहोत." मी ताक प्यायले. फार छान होतं. कुटुंबातल्या बाकीच्यांना ते कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग रामुलू पडला. तेलंगणातला पोरगेला माणूस, नवीनच लग्न झालेला, सदा गुणगुणणारा. दुपारच्या जेवणानंतर इस्त्रीच्या टेबलावर वाकला तो सरळ झालाच नाही. कासमभाईंनी वाफेची इस्त्री बाजूला ढकलली म्हणून निदान चेहरा वाचला. अंग तापून लाल झालेलं, घाम नाही, डोळे उघडे पण ओळख नाही. आम्ही त्याला गाडीत घातलं तेव्हा तो तेलुगूत कुणाला तरी हाका मारत होता. हॉस्पिटलात तो वाचला. चांगले डॉक्टर होते, वेळेत पोचलो. पण हात थरथरायचे ते थांबेनात, आणि उभं राहिलं की तोल जायचा. कंपनीनं त्याला तिकीट काढून घरी पाठवलं. सुपरवायझरांच्या मीटिंगमध्ये कारण सांगण्यात आलं की तो सकाळी नाश्ता न करता आला होता.

"नाश्ता?" कासमभाई म्हणाले. ते बसले होते ते उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. "साहेब, माझ्या समोर चार रोट्या खाल्ल्या त्यानं."

"कासमभाई, विषय संपलाय," कर्णिकसाहेब म्हणाले. "खलास."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या गेटवर पोचले तेव्हा मजुरांच्या कॅम्पची बस आत येऊन नेहमीच्या जागी उभी होती. इंजिन बंद, दार उघडं, आणि सगळे आत बसलेले. प्रेसिंगचे सगळे होतेच, कटिंगचे होते, शिलाईतले अर्धेअधिक. केरळचे, आंध्रचे, बांगलादेशी, आमचे रत्नागिरी-रायगडकडचे. कुणी घोषणा देत नव्हतं. कुणी बोलतच नव्हतं. ड्रायव्हर तेवढा खाली उतरून सिगारेट ओढत उभा होता आणि आपला ह्या सगळ्याशी संबंध नाही हे दाखवायला डोंगराकडे बघत होता.

कर्णिकसाहेब धावत आले. "मॅडम, तुम्ही जा. कासमभाई तुमचं ऐकतील. त्यांना सांगा हे बेकायदेशीर आहे. पोलीस येतील, सगळे परत जातील, पोरंबाळं रस्त्यावर येतील. आणि तो शब्द वापरू नका हं."

"कुठला?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तोच. संप."

मी बसमध्ये चढले. आत घाम, नारळाचं तेल आणि डब्यातलं आंबटगोड वरण ह्यांचा एकत्र वास कोंडला होता. सकाळचं ऊन खिडक्यांतून आडवं आत घुसलं होतं. कासमभाई पहिल्या सीटवर, कडक इस्त्रीच्या शर्टात.

"कासमभाई, हे काय?"

"काय नाय बाय. बसलोव."

"मग कॅम्पवरच बसायचं. निदान तिथं पंखा आहे. उन्हासाठी भांडताय आणि उन्हातच बसलाय!"

ते हसले. मग मला लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागले. "कॅम्पवर बसलो तर बोलतील, मानसा पळाली. गैरहजर. आत गेलो तर मशिन चालू करा बोलतील. बस गेटाच्या आत हाय. आमी कामावर हजर हाव, पन काम नाय करत. आता ह्याला काय नाव द्यायचा ता साहेबांनाच इचारा."

"पोलीस आले तर?"

"येवंदेत. त्यांना पन पानी देवचा लागंल, गरम."

मागून कुणीतरी हसलं. मग एक जण हिंदीत म्हणाला, "मॅडम, रामुलू का नाश्ता बोल रहे हैं वो लोग. हम सब नाश्ता करके आए हैं आज." आणि त्यानं खरंच रिकामा डबा उघडून दाखवला. मागण्या तीन होत्या आणि त्या त्यांनी मला तोंडी सांगितल्या: कूलर आजच्या आज चालू करा, पिण्याचं पाणी गार द्या, दुपारी ऊन चढलं की प्रेसिंग बंद ठेवा. पगाराचं कुणी बोललं नाही. मी उतरून कर्णिकसाहेबांना शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मागण्या कसल्या? विनंती म्हणा. विनंतीचा विचार करता येतो."

मला इतका वैताग आला की सांगता येत नाही. कारण हा माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोपं गेलं असतं.

तेवढ्यात दुसरी बस आली. तिच्यातून ओमानी मुली यायच्या, फंजा आणि आसपासच्या गावांतल्या. शिलाईच्या दोन ओळी त्यांच्या होत्या. त्यांच्यात शम्सा होती, गोल चेहऱ्याची, मोठ्यानं हसणारी, बागेतले खजूर रुमालात बांधून आणून सगळ्यांना वाटणारी. ती उतरली, आमच्या बसकडे बघितलं, आणि खिडकीशी जाऊन कासमभाईंशी बोलू लागली. कासमभाईंचं अरबी म्हणजे बाजारातलं, अर्धं हातवाऱ्यांनी. पण 'रामुलू' हे नाव आणि हाताची थरथर तिला कळली. ती परत गेली, आपल्या मुलींशी काहीतरी बोलली. दोन-तीन जणी मान हलवून आत निघून गेल्या. बाकीच्या पुन्हा आपल्या बसमध्ये चढल्या आणि अबाया सावरून बसल्या.

कर्णिकसाहेबांचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हा प्रथम पाहिला. बसमधल्या आमच्या लोकांना परत पाठवता येत होतं. त्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होते. शम्साला कुठं पाठवणार? ती तिच्याच देशात बसली होती.

---

हे सगळं चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे माझे बाबा येत होते. बाबा पोस्टात होते. त्यांच्या युनियनचा संप असला की ते सकाळी लवकर उठायचे, धुतलेला पांढरा शर्ट घालायचे, आईकडून डबा घ्यायचे आणि सायकलवरून संपाला जायचे. हो, संपाला जायचे, जसं कामाला जातात. ऑफिसच्या फाटकासमोर झाडाखाली सतरंजी. संध्याकाळी परत. "झाला का हो संप?" आई विचारायची. "झाला," बाबा म्हणायचे, "उद्या बोलणी आहेत." आमच्या घरात संप हा शब्द भाजी, शाळा, भाडं ह्या शब्दांच्या पंगतीत बसणारा होता. त्याचा आवाज खाली करून उच्चार करतात हे मला परदेशी आल्यावर समजलं.

आणि रुवीतले आमचे लोक! शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमलो की बातमी आधीच पोचलेली असायची. "मेश्रामबाई, तुमच्याकडे काय गडबड झाली म्हणे?" मी सांगायला लागले की लगेच कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवायचं. "जाऊ द्या हो, आपण इथं पाहुणे आहोत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते कानावर पडलं की मी चहाचा कप खाली ठेवते. पाहुण्याला कुणी दहा-दहा तास इस्त्री करायला लावतं का? पाहुण्याचा पासपोर्ट यजमान कुलपात ठेवतो का? मदिनत सुलतान काबूस ह्या श्रीमंत वस्तीत बाग असलेल्या बंगल्यात राहणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "ह्यांना गावी काय मिळत होतं? इथं निदान दोन वेळचं खातात." मी म्हटलं, "रामुलूही खात होता. चार रोट्या." त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

ह्या सगळ्यावर कडी केली माझ्या मुलीनं. ती इथल्या भारतीय शाळेत, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीत, माझ्याशी मराठी अडखळत. नागरिकशास्त्राच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. मूलभूत हक्क पाठ चालले होते. "आई, संघटना बनवायचा राइट. तो आपल्याला आहे?"

"भारतात आहे."

"आणि इथे?"

"इथे नाही."

"मग मी एक्झाममध्ये काय लिहू?"

"पुस्तकात आहे ते लिही," मी म्हटलं, आणि पोळी करपली.

---

बसच्या त्या दिवशी दुपारच्या आधी कामगार खात्यातला अधिकारी आला. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला मस्सरचा फेटा, मृदू बोलणारा मध्यमवयीन ओमानी. अर्बाबनं, म्हणजे कंपनीच्या मालकानं, त्याला फोन केला असावा. तो बोलेल ते ऑफिसातल्या ओमानी कारकुनाकडून अरबीतून इंग्रजीत, मग माझ्या तोंडून हिंदीत, मग कासमभाईंचं मराठी, पुन्हा उलटं. त्यानं आधी कायदा सांगितला: काम थांबवणं ह्या देशात मना आहे. मी भाषांतर केलं. कासमभाई म्हणाले, "त्यांना बोला, आमी काय थांबवला नाय. त्यांनी येवून प्रेसिंगला उबा ऱ्हवा, जमला तर आमी पन ऱ्हातो."

मी हेही जसंच्या तसं सांगितलं. कर्णिकसाहेब मधे पडू लागले तर त्या अधिकाऱ्यानं हात वर करून त्यांना थांबवलं आणि हॉलकडे चालू लागला. मीही गेले. त्यानं इस्त्रीच्या टेबलाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. छताकडे बघितलं. नळाखाली हात धरला. मग बाहेर येऊन फाटकाशी थांबून ओला हात रुमालानं पुसला. शेवटी म्हणाला, "हा संप नाही. हे आजारपण आहे. आजारी माणसाला कामावर कसं घेणार?" आणि कर्णिकसाहेबांकडे वळून, "यल्ला, चला. कूलर."

पंप त्याच दुपारी आला. रुवीतच मिळत होता, दुकानात. प्रेसिंगला दुपारची सुट्टी सुरू झाली, कागदोपत्री 'मशिन देखभालीसाठी'. पाणी गार करायला यंत्र बसलं. मुख्य कार्यालयाला गेलेल्या अहवालात बस बंद पडल्यामुळे काम उशिरा सुरू झालं असं लिहिलं होतं. माझ्यापुढे तो सहीला आला तेव्हा मी सही केली नाही. कर्णिकसाहेब थकल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, सगळं मिळालं ना त्यांना? मग शब्दासाठी कशाला अडता?" मी म्हटलं, "शब्दच मिळाला नाही त्यांना." सही दुसऱ्या कुणीतरी केली. मला कुणी काढलं नाही. क्वालिटीची माणसं सहज मिळत नसत, एवढंच त्याचं कारण.

जॅकेटं बोटीतून गेली, उन्हाळा ओसरला. हवा सुटली, संध्याकाळी लोक समुद्रावर जायला लागले. आणि मग कासमभाईंचा करार संपला. नुसता संपला, कुणी संपवला नाही. नूतनीकरण झालं नाही, इतकंच. शिक्षा म्हणतात ती इतकी सभ्यपणे देता येते हे मला माहीत नव्हतं. कँटीनमध्ये निरोपसमारंभ झाला. केक होता. कर्णिकसाहेबांनी शुद्ध, गहिवरलेल्या मराठीत भाषण केलं, कासमभाईंच्या खांद्यावर शाल घातली, फोटो काढले. कासमभाईंनी शाल घडी करून हातावर घेतली आणि एवढंच म्हणाले, "साहेब, पंप एक जादाचा आनून ठेवा. पुढच्या मे म्हयन्यात लागंल."

मी माझ्या केकची बशी तशीच टेबलावर ठेवली. एका माणसाला बोलल्याबद्दल हाकलायचं आणि त्याला कळू नये म्हणून टाळ्या वाजवायच्या. आणि त्याला तर कळलंच होतं!

कासमभाई गेल्यावर काही आठवड्यांनी परदेशी खरेदीदारांकडून तपासणीला एक बाई आली. अशा तपासण्या तेव्हा नवीन निघाल्या होत्या. कँटीनच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये आंतरराष्ट्रीय श्रममानकं लावली गेली, इंग्रजीत, इतक्या उंचीवर की वाचायला खुर्ची लागावी. संघटना स्थापन करण्याचा हक्क, सामुदायिक वाटाघाटींचा हक्क. बाई मनमिळाऊ होती. तिनं मला एकटीला विचारलं, "इथं कधी काम बंद पडलं होतं?" मी सगळं सांगितलं. रामुलू, बस, शम्सा, कूलर, केक. ती ऐकत राहिली, तिचे डोळे भरून आले, हे खरं आहे. मग म्हणाली, "पण आमच्या मानकात म्हटलंय, स्थानिक कायदा परवानगी देत असेल तिथे."

"आणि देत नसेल तिथे?"

"तिथे पर्यायी मार्ग. सूचनापेटी वगैरे."

मी तिला म्हटलं, बाई गं, कायदा परवानगी देतो तिथं तुझ्या मानकाची गरजच काय? जिनिव्हाच्या कामगार परिषदांत बसून जगानं जे ठरवलं ते कुणासाठी ठरवलं? ज्यांना आधीच मिळालंय त्यांच्यासाठी? ज्याच्या हातात इस्त्री आहे त्याला सूचना सुचत नाही असं थोडंच आहे. सूचना केल्यावर तो उद्या ह्या देशात असेल का, एवढंच त्याला माहीत नसतं. आणि संपाचा हक्क काढून घेतला की उरलेले सगळे हक्क विनंत्या होतात. कर्णिकसाहेबांचा आवडता शब्द. ती म्हणाली, "तुमचं म्हणणं मी समजू शकते." समजू शकणाऱ्या माणसांनी मला आयुष्यात जितकं दमवलंय तितकं भांडणाऱ्यांनी नाही. सूचनापेटी मात्र आली. लाल रंगाची. तिची किल्ली कर्णिकसाहेबांकडे.

---

नवं शतक सुरू होऊन काही वर्षं झाल्यावर इथला कायदा बदलला. बाहेरच्या देशांशी व्यापाराचे करार व्हायचे होते, त्यांच्या अटी होत्या, इथल्या काही शहाण्या माणसांचीही इच्छा होती. कामगार संघटनांना मान्यता मिळाली. संपालाही, आधी काही आठवडे नोटीस देऊन. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी मी ऑफिसातच खुर्चीत मागे रेलून बसले. कर्णिकसाहेबांनी कँटीनमध्ये भाषण केलं की आपल्या कंपनीची तर पहिल्यापासून हीच भूमिका होती. कुणीही हसलं नाही, ह्याचंच मला नवल वाटलं.

संघटना झाली. पदाधिकाऱ्याला अरबी लिहिता-वाचता यायला हवं अशी अट होती, त्यामुळे आमच्या लोकांना सभासद होता आलं, पुढे उभं राहता आलं नाही. अध्यक्ष शम्सा झाली. तिला आता दोन मुलं आहेत, आवाज तसाच मोठा. पहिल्याच सभेला तिनं मला दुभाष्याला बसवलं आणि प्रेसिंगच्या लोकांना पुढच्या खुर्च्यांवर. यंदापासून तर उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरची कामं बंद ठेवण्याचाही नियम झालाय. प्रेसिंगला छप्पर आहे, म्हणून तिथं तो लागू नाही. छपराखाली ऊन नसतं असा सगळ्यांचाच समज असावा. शम्सा त्यावर भांडतेय. चिडते, माझ्यापेक्षा जास्त. मला बरं वाटतं.

परवा ती बस बघून घरी आले आणि भाजी तशीच ओट्यावर टाकून मी कासमभाईंना फोन लावला. नंबर त्यांच्या पुतण्याकडून मिळाला, तो रुवीतच कापडाच्या दुकानात असतो. रत्नागिरीत त्यांनी लाँड्री काढलीय.

"बाय! नागपुरात ऊन किती?"

मी त्यांना कायदा सांगितला. संघटना, शम्सा, नोटीस, सगळं. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आनि व्हिसा कोनाच्या हातात?"

"कंपनीच्या."

"मंग केला कोनी संप?"

"अजून नाही."

"हूं," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसल्यासारखे हसले. "माझ्याकडं झाला."

"काय?"

"संप. माझ्या लाँड्रीत. दोन बाया हायत इस्त्रीला. गेल्या महिन्यात सकाळी आल्या त्या बाहेर कट्ट्यावर बसल्या. आत येवाला तयार नाय. बोलल्या, पंखा लावा, मंग येतो. समोर गिऱ्हाइकांची रांग, लग्नसराई, कपड्यांचा डोंगर. तुमाला खरा सांगतो बाय, मी इतका चिडलो! मी, कासम! डोक्यात पयला काय आला असंल? काडून टाकू ह्यांना. दुसऱ्या मिळतील."

फोनवर त्यांच्या मागे कुठंतरी वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज आला. इतकी वर्षं मी ह्या माणसाला चांगल्या मालकाच्या जागी कल्पून बघत होते.

"मग? काढलंत?"

"नाय. पंखा आनला."

"का? रामुलूची आठवण झाली?"

"ती मागनं झाली," कासमभाई म्हणाले. "तवा नुसता राग व्हता. त्या दोघी व्हत्या म्हनून ऱ्हायल्या, बाय. एकटी असती तर काडली असती."